नर्सिंगमध्ये पीएच.डी. करणाऱ्यांची तयारी: संशोधन आणि अध्यापन एकत्र कसं बसवायचं?

प्रश्न – ट्यूटर_ते_प्राध्यापक

आमच्या नर्सिंग कॉलेजात यंदा पीएच.डी.चे सहा स्कॉलर आहेत. चार जण ट्यूटर म्हणून काम करतात, दोघी रुग्णालयात सिस्टर आहेत. विद्यापीठाचं कोर्सवर्क चालू आहे. त्याला जोड म्हणून वर्षभर दर गुरुवारी दोन तास, दुपारी 2 ते 4, मिळाले आहेत आणि त्यांची आखणी माझ्याकडे आहे.

दोन गोष्टी साधायच्या आहेत. एक, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) समितीपुढे जाईल तेव्हा विषय डॉक्टरेटच्या तोडीचा असावा. दुसरी, पीएच.डी. संपवून ही माणसं बी.एस्सी. आणि एम.एस्सी.चे वर्ग घेणार, पेपर काढणार, पुढे गाईड होणार. त्याची तयारी आताच व्हावी. एम.एस्सी.ला नर्सिंग एज्युकेशन हा विषय सगळ्यांनी केलेला आहे, लेसन प्लॅन लिहिता येतात. त्याच्या पुढचं काय आणि कोणत्या क्रमाने घ्यावं? दोन तासांत प्रत्यक्ष काय बसतं, हे कळलं तर फार मदत होईल.

---

उत्तर 1 – गाईड_आणि_परीक्षक

सुरुवात विषयापासूनच करा. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो तिथे.

एम.एस्सी.चा साचा सगळ्यांच्या हातात बसलेला असतो: अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम, 60 नमुने, आधी चाचणी, सातव्या दिवशी नंतरची चाचणी, गुण वाढले, पी व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी. हाच साचा 300 नमुन्यांवर केला म्हणून तो पीएच.डी. होत नाही. शिकवलं की सात दिवसांनी गुण वाढणारच. डॉक्टरेटचा प्रश्न त्याच्या पलीकडे सुरू होतो. रुग्णाचं काही बदललं का? सिस्टरचं प्रत्यक्ष काम बदललं का? सहा महिन्यांनी ते टिकलं का? टिकलं नसेल तर कशामुळे?

पहिल्या चार गुरुवारी प्रत्येकाने एकाच पानाचं टिपण आणायचं. त्यात चार गोष्टी: वॉर्डात किंवा गावात नेमकी अडचण काय दिसते, त्यावर आजवर काय झालंय, त्यात कोणती जागा रिकामी आहे, आणि उत्तर मिळालं तर उद्या सकाळी कोण काय वेगळं करेल. चौथ्या ओळीत बहुतेक टिपणं अडतात, आणि ती तिथेच अडलेली चांगली. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर अडली तर दोन वर्षं जातात.

वाचन आठवड्याला एक पेपर, पण सारांश आणि निष्कर्ष झाकून. आधी पद्धतीचा भाग वाचायचा आणि निकाल काय लागू शकतो ते स्वतः लिहायचं, मग निकाल उघडायचे. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर) शोध घेताना वापरलेले शब्द, तारीख आणि सापडलेल्या पेपरांची संख्या वहीत नोंदवायची. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारलं जातं. शोधगंगावर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) आपल्या विषयाचे निदान पाच प्रबंध पाहायला लावा. साधनं कशी बनवली आणि मर्यादा काय लिहिल्या, तेवढंच वाचलं तरी पुरे.

वेळेचं गणितही पहिल्याच महिन्यात फळ्यावर मांडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना दोन वर्षांची सवलत, शिवाय मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश सोबत वाचा, कारण फॉर्म, फी आणि सहामाही अहवालाच्या तारखा तिथे ठरतात.

एथिक्सची एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. रुग्णांवर एखादा उपाय करून पाहणार असाल, मग तो मसाज असो, श्वसनाचे व्यायाम असोत की समुपदेशन, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी हवी. 1 एप्रिल 2018 पासून आधीच नोंदणी करणं बंधनकारक आहे, मागाहून करता येत नाही. एथिक्स कमिटीचं पत्र त्यासाठी लागतं, म्हणून क्रम असा: कमिटी, सीटीआरआय, मग पहिली संमतीची सही. हा क्रम चुकला की पुढे चांगली जर्नल्स तो पेपर हातात घेत नाहीत.

---

उत्तर 2 – संख्याशास्त्र_विभाग

वरच्या उत्तराशी सहमत. आकड्यांच्या चुका जवळपास सगळ्या प्रबंधांत सारख्याच असतात, त्यामुळे त्या आधीच शिकवता येतात.

पहिली चूक, नमुना आकार. दोन गटांची सरासरी तुलना, मध्यम परिणाम म्हणजे 0.5 (सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा), पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) 80 टक्के, सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) 5 टक्के धरला तर प्रत्येक गटात 64 जण लागतात. त्यात 20 टक्के गळती धरायची म्हणून बहुतेक जण 64 ला 1.2 ने गुणून 77 लिहितात. 77 मधले 20 टक्के गेले की उरतात 61 ते 62, म्हणजे हवे तेवढे नाहीतच. 64 ला 0.8 ने भागायचं: 80. समितीपुढे हा एक आकडा बरोबर असला की पुढचे प्रश्न सौम्य होतात.

दुसरी चूक जास्त गंभीर. ‘एक गाव प्रयोगगट, दुसरं गाव नियंत्रणगट’ अशी रचना कम्युनिटी हेल्थच्या सिनॉप्सिसमध्ये वारंवार येते. निकालात फरक दिसला तर तो उपायामुळे की गावामुळे, हे सांगण्याची सोयच उरत नाही. एका गावात आशाताई उत्साही आहेत, दुसऱ्या गावात उपकेंद्राला सहा महिने कुणी नाही, एवढ्याने निकाल फिरतो. किमान अनेक उपकेंद्रं घ्या आणि चिठ्ठी टाकून वाटा. मग डिझाइन इफेक्ट, म्हणजे गटागटाने निवडल्यामुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, धरावा लागतो. प्रत्येक उपकेंद्रातून 20 माता आणि गटांतर्गत सहसंबंध (एकाच उपकेंद्रातल्या माता एकमेकींसारख्या असण्याचं प्रमाण) 0.05 धरला तर 1 + 19 × 0.05 = 1.95. म्हणजे 64 च्या जागी प्रत्येक गटात 125, गळती धरून 157. प्रत्येक बाजूला आठ उपकेंद्रं. हा आकडा पाहिल्यावर स्कॉलर विषय बदलतो किंवा जिल्हा परिषदेकडून परवानगी मिळवायच्या कामाला लागतो. दोन्ही पहिल्या वर्षात झालेलं बरं.

तिसरी, साधनाची विश्वासार्हता. ‘दोन निरीक्षकांचं 87 टक्के जुळलं’ एवढं लिहून पुढे जातात. एक उदाहरण स्कॉलर्सकडून कागदावर सोडवून घ्या. प्रेशर अल्सरचा (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचा) धोका आहे की नाही, हे दोन सिस्टरनी 30 रुग्णांत स्वतंत्रपणे ठरवलं. दोघींनी ‘आहे’ म्हटलं 24 वेळा, दोघींनी ‘नाही’ म्हटलं 2 वेळा, उरलेले 4 जुळले नाहीत. त्यातले 2 एकीकडे, 2 दुसरीकडे. जुळणी 26 भागिले 30, म्हणजे 87 टक्के. पण दोघीही 30 पैकी 26 जणांना ‘आहे’ म्हणतायत, त्यामुळे नुसत्या योगायोगानेच 77 टक्के जुळलं असतं. कापा, म्हणजे योगायोग वगळून मोजलेली जुळणी, येतो 0.42. वॉर्डात जवळपास सगळेच धोक्यात असले की टक्केवारी फसवते. यावर एक गुरुवार गेला तरी चालेल, आयुष्यभर पुरतं.

तज्ज्ञांकडून वैधता तपासताना पाच किंवा त्याहून कमी तज्ज्ञ असतील तर प्रत्येक प्रश्नावर सगळ्यांचं एकमत लागतं. सहा ते दहा असतील तर 0.78, म्हणजे 78 टक्के तज्ज्ञांचं एकमत, पुरतं. म्हणून सहाजणांना पाठवा, पण त्यातला एखादा वॉर्डात काम करणारा ठेवा. सगळेच प्राध्यापक असले की प्रश्न पुस्तकातल्या क्रमाने ‘योग्य’ ठरतात आणि रुग्णाला कळतच नाहीत.

---

उत्तर 3 – कौशल्यकक्ष

अध्यापनाच्या बाजूने लिहिते. यूजीसीच्या त्याच 2022 च्या नियमांत आहे की कोणत्याही शाखेच्या पीएच.डी. स्कॉलरने आपल्या विषयाचं अध्यापन, अध्यापनशास्त्र आणि लेखन यांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, आणि ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापनासाठी आठवड्याला 4 ते 6 तासांचं काम त्यांना देता येतं. म्हणजे तुमचे गुरुवार नियमाला धरूनच आहेत. प्राचार्यांना हे दाखवा, जागा आणि विद्यार्थी मिळवणं सोपं जाईल. मात्र ते 4 ते 6 तास म्हणजे रजेवर गेलेल्या शिक्षकाचे तास भरून काढणं नव्हे. मागे कुणीतरी बसून पाहणारं आणि नंतर बोलणारं नसेल तर त्यातून काही शिकणं होत नाही.

सहा स्कॉलर आणि दोन तास हे मायक्रो-टीचिंगला अगदी नेमकं बसतं: दहा मिनिटं शिकवायचं, दहा मिनिटं चर्चा, सहा जण म्हणजे 120 मिनिटं. घड्याळ समोर ठेवा आणि दहाव्या मिनिटाला थांबवा, वाक्य अर्धं असलं तरी. निरीक्षकाने ‘छान झालं’ लिहायचं नाही. तीनच आकडे लिहायचे: किती प्रश्न विचारले, प्रश्नानंतर किती सेकंद थांबले, किती वेगवेगळे विद्यार्थी बोलले. पहिल्या फेरीत बहुतेकांचा थांबायचा वेळ एक सेकंद निघतो आणि बोललेले विद्यार्थी दोन, तेही पहिल्या बाकावरचे. ‘समजलं का?’ हा प्रश्न मोजणीतून वगळा; त्याला ‘हो मॅडम’ याशिवाय उत्तर येत नाही.

वर सरांनी प्रेशर अल्सरचं उदाहरण दिलंय, तोच धडा वर्गातही घ्या. ब्रॅडन स्केल म्हणजे प्रेशर अल्सरचा धोका मोजायची पट्टी, तिचे सहा भाग. पाचांना 1 ते 4 गुण, घर्षण-शिअरला 1 ते 3, म्हणून बेरीज 6 ते 23. कमी गुण म्हणजे जास्त धोका. विद्यार्थी नेमके इथेच उलटे जातात, कारण बाकी सगळीकडे जास्त गुण म्हणजे जास्त आजार असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. स्लाइडवर लाल अक्षरात लिहून हे सुटत नाही. चार रुग्णांच्या केस शीट द्या, प्रत्येकाला एकट्याने गुण द्यायला लावा, मग हात वर करून बेरजा फळ्यावर मांडा. एकाच रुग्णाला 11 आणि 16 दोन्ही आलेले दिसतात. ‘ओलावा’ या भागात कुणी चादर दिवसातून किती वेळा बदलली ते वाचलं, कुणी फक्त कॅथेटर आहे हे पाहिलं. धडा त्या फरकात आहे. आणि स्कॉलरला तिथेच कळतं की आपल्या संशोधनातल्या डेटा गोळा करणाऱ्यांनाही असंच बसवून शिकवावं लागणार आहे.

ऑस्की (स्टेशनांवरून फिरत द्यायची कौशल्यांची परीक्षा) आखायला प्रत्येकाला एकदा तरी द्या. दहा स्टेशनं, प्रत्येकी पाच मिनिटं, बदलायला एक मिनिट: दहा जणांची फेरी एका तासात. साठ विद्यार्थी असतील तर सहा तास, दोन समांतर सर्किट लावली तर तीन. दहापैकी चार स्टेशनं लेखी ठेवली, म्हणजे ड्रिपचं गणित, चार्ट वाचन, औषधाचं लेबल, नोंद लिहिणं, तर दोन सर्किटला 20 ऐवजी 12 परीक्षक पुरतात. बिघडतं ते असं: पाच मिनिटांत न बसणारी कृती ठेवली जाते, कॅथेटर घालणं हे नेहमीचं उदाहरण. आदल्या आठवड्यात दोन विद्यार्थ्यांवर घड्याळ लावून पाहिलं की हे लगेच दिसतं. दुसरं, 20 पायऱ्यांच्या चेकलिस्टमध्ये ट्रे नीट मांडण्याला एक गुण आणि रुग्णाची ओळख पटवण्यालाही एकच गुण. मग चुकीच्या रुग्णाला इंजेक्शन देणारा विद्यार्थी 19 गुण घेऊन पास होतो. ज्या पायऱ्या चुकल्या की स्टेशन नापास, त्या आधी ठरवून परीक्षकांना लेखी द्या.

एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) काढायला शिकवताना पर्याय कुठून येतात ते दाखवा. 500 मि.लि. ड्रिप चार तासांत, सेट 20 थेंबांचा (1 मि.लि.त 20 थेंब). उत्तर मिनिटाला 42 थेंब. चुकीचे पर्याय मनाने टाकायचे नाहीत, विद्यार्थी जिथे चुकतो तिथून उचलायचे: 125, कारण तो ताशी मि.लि.वरच थांबला, 31, कारण 15 थेंबांचा सेट धरला, 2, कारण थेंबांनी गुणायचं राहिलं. असा प्रश्न तपासला की कुणाला काय पुन्हा शिकवायचं ते कळतं.

परीक्षेनंतर आयटम अ‍ॅनालिसिस. प्रत्येक प्रश्न कसा चालला ते तपासायचं. शंभर जणांचा वर्ग असेल तर गुणांनुसार वरचे 27 आणि खालचे 27 घ्या. एका प्रश्नाचं उत्तर वरच्यातल्या 22 जणांनी आणि खालच्यातल्या 10 जणांनी बरोबर दिलं: काठिण्य निर्देशांक 32 भागिले 54, म्हणजे 59 टक्के, भेदनक्षमता (हुशार आणि कच्चे विद्यार्थी वेगळे करण्याची ताकद) 12 भागिले 27, म्हणजे 0.44. चांगला प्रश्न. उणे आकडा आला, म्हणजे हुशार विद्यार्थी जास्त चुकले, तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेकदा तिथेच चूक असते, नाहीतर दोन पर्याय बरोबर असतात.

---

ट्यूटर_ते_प्राध्यापक

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोन अडचणी उरतात. रुग्णालयातल्या दोघींची ड्युटी फिरती आहे, नाइट असली की गुरुवार चुकतो. आणि भाषा: साधनं इंग्रजीत बनतात, रुग्ण मराठी, वर्गात माध्यम इंग्रजी, पण अर्धे विद्यार्थी मराठी शाळांतून आलेले.

---

उत्तर 4 – गाईड_आणि_परीक्षक

अर्धवेळ पीएच.डी.ला नोकरीच्या ठिकाणचं जे ना-हरकत पत्र लागतं, त्यात काय असावं हे यूजीसीने सांगितलंय: अर्धवेळ शिक्षणाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल. ते पत्र फाइलमध्ये तसंच ठेवू नका. मेट्रनना भेटून ड्युटी रोटा लागायच्या आधी, म्हणजे आदल्या महिन्यात, गुरुवारच्या तारखा द्या. रोटा भिंतीवर लागल्यानंतर केलेली विनंती ही दुसऱ्या कुणाच्या तरी सुट्टीवर घाला असतो, आणि त्याचा राग त्या सिस्टरला वॉर्डात सोसावा लागतो.

त्या दोघींना मागे पडलेल्या समजू नका. रुग्णालयात प्रश्न कुठे आहे ते त्यांना दिसतं. ट्यूटरमधल्या एकाची जोडी त्यांच्यापैकी एकीशी लावा: तिने वॉर्डातली अडचण सांगायची, त्याने त्यावरचे पेपर शोधायचे.

---

उत्तर 5 – मराठीतून_नर्सिंग

भाषेबद्दल. प्रश्नावली मराठीत आणायची तर एकाने मराठी करायचं, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजी करायचं, आणि दोन इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं. इथवर बहुतेक जण करतात. त्यापुढचं राहून जातं: आठ-दहा रुग्णांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात तुम्हाला काय विचारलंय असं वाटतं?’ ‘चिंता’ म्हटलं की विदर्भातल्या आणि कोकणातल्या बाईच्या मनात एकच गोष्ट येते असं गृहीत धरू नका. ‘आपणांस गेल्या दोन सप्ताहांत निरुत्साह जाणवला का’ यापेक्षा ‘गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही असं झालं का’ याला खरं उत्तर मिळतं. प्रमाणित स्केल असेल तर मूळ कर्त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि आधीच तपासलेली मराठी आवृत्ती आहे का तेही विचारा. संमतीपत्राचंही तसंच. सही करणाऱ्याला ‘कधीही नाही म्हणता येतं आणि उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य ऐकून समजलं पाहिजे.

वर्गात: संज्ञा इंग्रजीच ठेवा, परीक्षा आणि केस शीट त्यातच आहेत. कारण मात्र मराठीत सांगा. शिअर म्हणजे काय? रुग्णाला डोक्याकडून वर उचलून बसवला की कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. हे मराठीत एकदा ऐकलं की पलंगाचं डोकं 30 अंशांच्या वर का ठेवत नाहीत, ते पाठ करावं लागत नाही. मग विद्यार्थ्याने तेच इंग्रजीत दोन ओळींत लिहायचं. मायक्रो-टीचिंगमध्ये स्कॉलर्सना हा बदल मुद्दाम करायला लावा, कारण मुलाखतीत डेमो लेक्चर पूर्ण इंग्रजीत मागतात आणि वर्ग मात्र दोन्ही भाषांत चालतो.

---

उत्तर 6 – संख्याशास्त्र_विभाग

प्रकाशनाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने काढली आहे, पण विद्यापीठ स्वतः अट ठेवू शकतं, आणि नोकरीसाठी पेपर लागतातच. यूजीसी-केअरची (मान्य जर्नलांची) यादी फेब्रुवारी 2025 पासून बंद आहे. ‘केअर लिस्टेड’ म्हणून जाहिरात करणाऱ्या जर्नलपासून तेवढ्यासाठीच सावध राहा. तीन दिवसांत स्वीकारतो, आधी पैसे भरा, असं सांगणाऱ्याला पेपर देऊ नका. एकदा तिथे छापला की तो दुसरीकडे देता येत नाही.

साहित्यचोरीची मर्यादा 2018 च्या नियमांत आहे: 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 10 ते 40 ला सुधारून परत द्यायचं, 60 च्या वर नोंदणी रद्द. नर्सिंगच्या प्रबंधांत साम्य वाढतं ते पूर्वसाहित्याच्या प्रकरणात, ‘अमुक यांनी अभ्यास केला, त्यांना असं आढळलं’ असे शंभर परिच्छेद सारांशांतून उचलल्यामुळे. दर आठवड्याला जो पेपर वाचला जातो, त्यावर त्याच दिवशी, पेपर मिटवून, पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. वर्षाला पन्नास होतात. पूर्वसाहित्याचं प्रकरण त्यातूनच उभं राहतं.

---

ट्यूटर_ते_प्राध्यापक

मेट्रनना पुढच्या महिन्याच्या तारखा सोमवारीच देते. पहिले चार गुरुवार एका पानाच्या टिपणांना, पाचवा कापाच्या गणिताला, सहावा चार केस शीट घेऊन ब्रॅडनला. सहाव्याला तृतीय वर्षाचे दहा विद्यार्थी बोलवावेत की स्कॉलर्सनीच एकमेकांना शिकवावं?

---

उत्तर 7 – कौशल्यकक्ष

पहिली फेरी एकमेकांवर, दुसरी विद्यार्थ्यांवर. पहिल्या फेरीत चुका उघड बोलता येतात. दुसऱ्या फेरीला विद्यार्थी दहाच बोलवा, पण निवडून पुढे बसणारे आणू नका. हजेरीपटावरचा प्रत्येक सहावा नंबर घ्या, म्हणजे खरा वर्ग समोर येईल. आणि केस शीटवरची नावं, नोंदणी क्रमांक आणि पत्ते आधी काळ्या पेनने खोडून त्यांची झेरॉक्स काढा. नुसतं खोडलेला मूळ कागद उजेडात धरला की वाचता येतो.